वाजली म्हनजे आहो

शेवटी थोरल्यानं आणि धाकट्यानं एकाच क्षणी राजीनामा दिला आणि नागपूरच्या धंतोलीतला तो चार मजली दवाखाना काही वेळ कोणाच्याच ताब्यात नव्हता. असं काही झालं नाही. तसं लेखी देण्यात आलेलं आहे, त्याखाली दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघपाल सोमकुवर याची सही आहे, आणि ती आपलीच आहे याबद्दल खुद्द संघपाललाही शंका नाही. तेव्हा न घडलेल्या गोष्टीला हात न लावता तिच्या अलीकडचं तेवढं सांगायचं. ते एवढंच, की एका दुपारी संघपाल देखरेखीची चाचणी म्हणून खालच्या हॉलमधल्या टीव्हीची तार उपटायला स्टुलावर चढला आणि पाहतो तर टीव्ही कधीचाच मेलेला होता. त्याच्या हातातल्या मोबाइलवर मात्र तोच टीव्ही हिरव्या अक्षरांत सांगत होता, की मी आहे.

थोरला आणि धाकटा हे दवाखान्याचे दोन सर्व्हर. नावं जितेंद्रनं ठेवलेली, जो तारा ओढायच्या कंत्राटावर होता आणि कुठल्याही वस्तूला नाव ठेवल्याशिवाय स्क्रू लावत नसे. दोघं राहायचे पूर्वीच्या प्लास्टरच्या खोलीत. तिथं भिंतीवर पायाच्या हाडांचा तक्ता अजून होता आणि कुठलाही खण उघडला की बोटांना पांढरी पूड लागायची. पेशंटांची नावं, रिपोर्ट, खाटा, बिलं हे सगळं थोरला सांभाळायचा. धाकट्याला काम एकच, थोरला जिवंत आहे का ते बघत राहणं. दर थोड्या वेळानं तो विचारायचा, आहेस का? थोरला म्हणायचा, आहे. याला ठोका म्हणतात. ठोका चुकला की धाकट्यानं गादीवर बसायचं, अशी सगळी व्यवस्था. घोळ एवढाच, की उत्तर आलं नाही तर त्याचे अर्थ दोन निघतात. एक तर थोरला मेला. नाहीतर आपलीच तार तुटली, आणि थोरला तिकडं ठणठणीत बसून धाकटा मेला असं समजतो आहे. आतून पाहिलं तर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून एक तिसरा लागतो, बाहेरचा, ज्याच्याशी दोघांचंही काही देणंघेणं नाही. त्याला हाक मारायची. तो ओ म्हणाला तर आपण शाबूत आहोत आणि दुसरा गेला. तोही गप्प राहिला तर आपणच तुटलो आहोत, आपण मुकाट्यानं पद सोडायचं. या तिसऱ्याला साक्षीदार म्हणतात.

ही देखरेख बसवायची म्हणजे पडद्यावर तीन चौकटी भरायच्या. पहिलीत, कोणाला विचारायचं. दुसरीत, किती वेळा विचारून आशा सोडायची. तिसरीत, आशा सोडल्यावर काय करायचं. संघपालनं एम.सी.ए. केलं होतं, पण हे प्रश्न सिलॅबसमध्ये नव्हते. पहिल्या चौकटीवर तो आणि जितेंद्र अख्खी दुपार बसले होते.

"राउटर दे नं बे. सब लोग वोच देते."

"त्याचा प्लग काढून रिसेप्शनच्या पोरी मोबाइल चार्ज करते."

"मंग फार्मसीचा कॉम्प्युटर दे."

"तो जेवाले गेला का बंद करून जाते."

"मंग टीव्ही दे," जितेंद्र म्हणाला. "हॉलमधला. त्याचा रिमोट कोन्या पेशंटसंग यवतमाळले गेला. उंचावर आहे, हात पुरत नाही. या बिल्डिंगमंदी तो एकटाच आहे जो कधी बंद नाही होत. देव आहे तो, देव. तू मानत नाही ते सोड."

संघपाल हसला होता आणि त्यानं टीव्हीचा नेटवर्कवरचा पत्ता टाकला होता. त्या दिवसापासून थोरला आणि धाकटा अडचणीच्या वेळी विचारायचे टीव्हीला, अखंड बातम्या दाखवणाऱ्या, कोणालाच उत्तर न देणाऱ्या त्या टीव्हीला, की आम्ही आहोत ना? आणि टीव्ही म्हणायचा, आहात.

आता स्टुलावर उभं राहून त्यानं टीव्हीच्या पाठीवरून बोट फिरवलं. धुळीचा थर ओलसर, जाड. तार कोणीतरी कधीतरी काढून गाठ मारून ठेवलेली. खाली बाकांवर विदर्भभरातून आलेली माणसं एक्सरेच्या पिशव्या छातीशी धरून त्याच्याकडे बघत होती. "आला वाटते एकदाचा मेक्यानिक," एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला. "अजी, क्रिकेट लागते का थे पाहा." तो येतजात असे मागच्या दारानं, हॉलमध्ये त्याचं काम नसे. टीव्ही कधी गेला, त्यानं एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "आमी येतो तवापासून काळाच आहे." त्यानं मोबाइलवर पुन्हा विचारलं, आहेस का? लगेच उत्तर आलं, आहे. इतकं लगेच, की कोणीतरी कानाशीच बसलंय असं वाटावं. मरण पावलेल्याच्या नावानं कोण बोलत होतं?

जितेंद्रनं तारा धरत धरत शोध लावला. मागच्या दाराशी, शवागाराच्या भिंतीवर, हजेरीची जुनी मशीन होती. साथीच्या काळात तिच्यावर अंगठा ठेवायला कोणी धजेना, म्हणून चेहरा ओळखणारी नवीन आणली, आणि जुनीला बंद करायचं कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. ती तिथं मिणमिणत होती, अंगठ्याची वाट बघत. तिला लावणाऱ्यानं नेमका टीव्हीचाच पत्ता दिलेला. टीव्ही जिवंत होता तोवर एका पत्त्यावरून दोघं बोलायचे, उत्तरं अडखळत यायची, कधी उशिरा, कधी दोनदा. टीव्ही गेला आणि सगळं सुरळीत झालं. आलेखाची रेघ इतकी सरळ झाली होती, की संघपालनं तिचा स्क्रीनशॉट प्रशासनाच्या नंदिनी मॅडमना पाठवला होता, की देखरेख आता स्थिरावली आहे. मॅडमनी उत्तरादाखल अंगठा पाठवला होता.

"भारी काम आहे बे," जितेंद्र पोट धरून हसत म्हणाला. "इतके महिने आपन मुर्दाघरच्या मशीनले इच्यारून राहिलो, का आमी जिंदा आहो का. आन् थे होय म्हनून राहिली."

संघपाललाही हसू यायला हवं होतं. तसं ते आलंही, पण अर्ध्यावर थांबलं, कारण रेघ सरळ झाली हे शब्द त्याच्या आत कुठंतरी पडले आणि आपटत खाली खाली जात राहिले. सरळ झाली. पूर्वी अडखळायची, मग सरळ झाली. हे त्यानं अगदी अलीकडे, अगदी याच समाधानानं, कशाबद्दल तरी म्हटलेलं होतं. आणि मग त्याला आठवलं ते सकाळच्या मिस कॉलबद्दल.

त्याचा बाप लहानू कळमेश्वरला एकटा राहत होता. आई, बायजाबाई, गेल्यापासून एकटा. सूतगिरणीत जन्म गेल्यामुळं कान निम्मे गेलेले, म्हणून फोनवर बोलणं म्हणजे दोन्हीकडून ओरडणं. नागपूरला चल म्हटलं तर म्हणे, तिथं मले कोन ओळखते. शेवटी संघपालनं त्याला एक घड्याळ आणून मनगटाला बांधलं होतं, नाडी मोजणारं, पावलं मोजणारं, आणि सगळं इकडं त्याच्या मोबाइलवर दाखवणारं. त्याला तेही देखरेख बसवणंच वाटलं होतं. काही दिवसांत आकडे सुधारले. नाडी जरा जलद पण ताजी, पावलं भरपूर. पहाटे पहाटे बा चढावर जात होता, चक्क उड्या मारत होता. संघपाल ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटला होता, की बघा, सत्तरीतला माणूस. मग एक दिवस शेजारच्या प्रेमिला मावशी फोनवर हसता हसता बोलून गेल्या, की ते घड्याळ कधीपासून त्यांच्या शेळीच्या गळ्यात आहे. बाच्या हाताला त्यानं खाज सुटायची, आणि आकडे गेले नाही तर पोरगं घोर करंल, म्हणून बानं डोकं लावून ते शेळीला बांधलं होतं. शेळी तरुण होती.

त्यावर हसून सोडून द्यायचं होतं. इतर कोणाचा बाप असता तर संघपालनं हा किस्सा वर्षभर पुरवून पुरवून सांगितला असता. पण त्या दिवशी तो फोनवर ओरडला. बाला ऐकू यावं म्हणून ओरडायला लागायचंच, त्या ओरडण्यात राग कुठं मिसळला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. तो म्हणाला, "तुले मराचंच असंन तं तसं सांग, मी वाट पाहनं सोडतो." बाला हे शब्द नीट ऐकू गेले. एरवी जेवलास का हे चार वेळा विचारावं लागे, पण हे पहिल्याच वेळी गेलं. पलीकडून आधी शेळी ओरडलेली ऐकू आली. मग बा म्हणाला, "आता बोलाचं नाही. सकाळी एक रिंग देत जाईन. वाजली म्हनजे आहो. नाही वाजली तं ये."

त्यानंतर खरोखरच ते बोलले नव्हते. सकाळी संघपाल दात घासत असताना फोन वाजायचा. सुरुवातीला ती रिंग वेडीवाकडी असायची, कधी अर्धी, कधी तीन, कारण बाचा अंगठा जाड आणि लाल बटन बारीक. कधी दोनदा यायची, पहिली त्याची त्यालाच ऐकू गेली नाही म्हणून पुन्हा. संघपाल फेस तोंडात धरून ती मोजायचा आणि मनात म्हणायचा, आहे. चूळ भरता भरता दिवस सुरू व्हायचा. कळमेश्वर गाडीनं तासाभराच्या आत, पण तो गेला नाही. नियमच तसा होता. वाजली तर जायचं नाही. या नियमाची त्याला इतकी सोय झाली होती, की तो बानं रागानं केला होता हेही तो विसरत चालला होता. आणि मग केव्हातरी, थंडी सरता सरता, रिंग सुधारली. रोज एकच, स्वच्छ, पूर्ण, आणि वेळेवर. त्याला वाटलं होतं, बाला सवय झाली. बाच्या बाबतीतही रेघ सरळ झाली, असं त्यानं त्याच शब्दांत मनाशी म्हटलं होतं.

आज सकाळीही ती वाजली होती. फेस थुंकून तो आहे म्हणाला होता. कोणाला?

त्यानं बाला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही, पण उचलायचा नाही हे तर ठरलेलंच होतं. तेव्हा न उचलण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. इतकी पक्की व्यवस्था, की बा असो वा नसो, तिच्यातून उत्तर एकच येणार. हे त्याला आत्ता, शवागाराच्या दाराशी उभं असताना कळत होतं. समोर ती मशीन होती. तिच्या काचेत हिरवा उजेड अंगठ्याच्या आकारात उमटे, विझे, पुन्हा उमटे. त्यानं प्रेमिला मावशींना फोन लावला.

"हां बाबू, बोल नं."

"मावशी, बा कसा आहे?"

"आहेत नं. चांगले आहेत. जेवून राहिले."

"या टायमाले?"

"म्हनजे... जेवून झोपले."

"उठवता का? दोन शब्द बोलतो."

"अरे बाबू, त्याहिले ऐकू येते का? आन् तुमचं तं बोलनं बंद आहे नं, मी काहून मंदी पडू?"

"मावशी, सकाळी रिंग कोन देते?"

मागं कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती. ती मोटर तो ऐकत राहिला. दुसऱ्या चौकटीतला प्रश्न त्याला आठवला, किती वेळा विचारून आशा सोडायची. त्यानं एकदाच विचारलं होतं.

"मीच देतो," मावशी म्हणाल्या. "बोंबलू नोको. त्याहिचा उजवा हात गेला, बाबू. तोंडबी वाकडं झालं थोडंसं. संक्रातीच्या मांगंपुढं. पन आहेत, बसते, डाव्या हातानं खाते. म्हने, रिंग चुकू देऊ नोको, तो कामात असन. मी म्हटलं, अजी, पोराले सांगा. तं बोटानं नाही म्हने. मंग मीच दाबतो रोज, म्हशीचं दूध काढलं का."

"दवाखान्यात नेलं होतं?"

"नेलं नं. तुमच्याच दवाखान्यात. धंतोलीले. कोनी म्हटलं थो चांगला आहे. गर्दी केवढी! खालच्या हॉलमंदी दिवसभर बसलो. टीव्हीबी बंद, टाइम कसा जाईन मानसाचा? मी म्हटलं, संघपाल याच बिल्डिंगमंदी आहे, बोलावू? तं त्याहिनं माह्या हाताले असं धरलं, डाव्या हातानं. मंग मी नाही बोलावलं. सांग बाबू, माहं काही चुकलं का?"

"नाही," संघपाल म्हणाला. "रिंग चांगली देता तुमी."

फोन ठेवून तो हॉलमध्ये गेला आणि काळ्या टीव्हीखालच्या बाकावर बसला. बाक गार होता, स्टीलचा, भोकाभोकांचा. बा इथंच बसला असेल. की पलीकडच्या. प्लास्टरच्या खोलीपासून इथवर एक जिना आणि एक वळण. त्या दिवशी तो वर बसून काय करत असेल? बहुधा सरळ रेघ बघत असेल. बाचं नाव खिडकीवर कोणीतरी टंकलं असणार, वय, गाव, तक्रार. ते तारेतून वर गेलं असणार, थोरल्यानं घेतलं असणार, आणि लगेच धाकट्याला एक प्रत दिली असणार, कारण थोरला गेला तर धाकट्याला बापाचं नाव माहीत असायला हवं. म्हणजे दोघांनाही ठाऊक होतं. खोलीत तिघं होते आणि त्यातल्या दोघांना ठाऊक होतं. तिसऱ्याचं, म्हणजे त्याचं, काम ते जिवंत आहेत का एवढंच पाहणं, ते काय म्हणतात हे ऐकणं नव्हे. शेजारचा माणूस त्याला म्हणाला, "तुमचा नंबर कितवा?" संघपालनं खिसे चाचपले. खरोखर चाचपले, जणू टोकन असेल.

मग तो उठला, मागच्या दाराशी गेला आणि त्यानं हजेरीच्या मशीनचा प्लग काढला. असं का केलं याचं कारण पुढं त्याला विचारण्यात येणार होतं, पण गोष्ट घडलीच नाही असं ठरल्यामुळं विचारायचं राहून गेलं. त्याला फक्त ते मिणमिणणं थांबवायचं होतं. नसलेल्याच्या वतीनं कोणी आहे म्हणू नये, एवढंच. साक्षीदाराच्या जागी आता कोणीच उरणार नाही, आणि देखरेख कच्ची राहू नये म्हणून त्यानंच दोघांना ठोका जुळत असला तरीही साक्षीदाराला विचारत राहायला सांगून ठेवलं होतं, हे त्याला माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टी त्या वेळी त्याच्यापासून जरा लांब उभ्या होत्या, बाकावरच्या माणसांसारख्या.

थोरल्यानं विचारलं. धाकट्यानं विचारलं. ठरलेल्या वेळा विचारून झालं, दोघांनी आशा सोडली. आपणच तुटलो आहोत, अशी दोघांचीही प्रामाणिक समजूत झाली, आणि तिसऱ्या चौकटीत त्यानंच निवडून ठेवल्याप्रमाणं दोघांनी पद सोडलं. ज्यांची हृदयं चालू होती त्यांची चालूच राहिली, कारण खाटांजवळच्या यंत्रांचं या दोघांवाचून अडत नव्हतं. फक्त बिलं थांबली, त्यामुळं घबराट वरच्या मजल्यावर, प्रशासनात, जास्त होती. हॉलमधला टोकनचा बोर्ड कोरा झाला. लोक एकमेकांना विचारू लागले, तुमी कवा आले, आमी तं पहाटंच, मंग जा तुमीच पयले. आवाज चढला नाही. थोडा वेळ ते सगळे आपापसांत नीट होते. जितेंद्र धावत वर गेला आणि त्यानं थोरल्याला हातानं गादीवर बसवलं. खाली येऊन त्यानं संघपालकडं पाहिलं, आणि या वेळी तो हसला नाही.

नंदिनी मॅडम म्हणाल्या, "तपासणी समिती यायची आहे. आपल्याकडे काही झालं का?"

"नाही मॅडम."

"मग तसं लिहून द्या. आणि साक्षीदाराचा नवीन पत्ता कोणता, त्याचा रीतसर अर्ज माझ्याकडे हवा. आजच."

ऊन उतरायच्या आत तो कळमेश्वरला पोचला. अंगणात शेळी होती, गळ्यात घड्याळ, काच काळी. बा ओसरीवर खाटेवर टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. चेहऱ्याची एक बाजू खाली आली होती आणि दुसरी, चांगली, रागावली होती.

"वाजली नाही का?" शब्द बोळक्यातून घसरल्यासारखे आले.

"वाजली," संघपाल ओरडून म्हणाला.

"मंग काहून आला?"

नियमाप्रमाणं तो चुकला होता. प्रेमिला मावशी कुडाशी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाशी नेला. बानं त्यांच्याकडं पाहिलं, मग शेळीकडं, जणू एकेक फितूर मोजत होता. मग त्यानं उशीखालून फोन काढला. डाव्या हाताचा अंगठा बटनांवरून चालू लागला. थांबे, मागं येई, पुन्हा पुढं जाई. मावशी मदतीला सरकल्या, तर त्यानं मान हलवली. बऱ्याच वेळानं संघपालच्या खिशात फोन वाजला. एक. दोन. तीन. बाला तोडायचं बटन सापडेना. चार. नियम असा होता की उचलायचं नाही. पाच. आयुष्यात इतकी गबाळी रिंग त्यानं ऐकली नव्हती. त्यानं फोन कानाला लावला.

"आहो," बा म्हणाला. आवाज आधी समोरून आला. मग, जरा उशिरानं, फोनमधून.

"ऐकू आलं," संघपाल म्हणाला. या वेळी ओरडायचं त्याच्यानं झालं नाही, त्यामुळं बाला काही कळलं नाही, आणि तो पुन्हा म्हणाला, "आहो म्हटलं नं."

अंधार पडायच्या आधी खाटेच्या पायथ्याशी बसून संघपालनं मोबाइलवर अर्ज लिहिला आणि पाठवून दिला. तो खालीलप्रमाणे.

प्रति, मा. प्रशासन अधिकारी महोदया. विषय: नेटवर्क बिघाडाच्या देखरेखीसाठी साक्षीदार बदलून मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आजपर्यंतचे दोन्ही साक्षीदार, एक मृत व एक तोतया, सेवेतून कमी करण्यात आले आहेत. तरी पहिल्या चौकटीत मौजे कळमेश्वर येथील एका बटनाच्या मोबाइलची नोंद घेण्यात यावी. सदर साक्षीदार डाव्या हाताने उत्तर देत असल्याने दुसऱ्या चौकटीतील आशा सोडण्याची मर्यादा कायमची शिथिल करण्यात यावी. तसेच सदर साक्षीदाराकडून एखाद्या सकाळी उत्तर न आल्यास, अथवा आलेले उत्तर संशयास्पदरीत्या स्वच्छ आढळल्यास, तिसऱ्या चौकटीनुसार दवाखान्याच्या सर्व सेवा, बिलांसह, अर्जदार समक्ष जाऊन खात्री करून परत येईपर्यंत बंद ठेवण्यात याव्यात, ही नम्र विनंती.